अठरा नखं

चाळीस वर्षं मी घोड्यांचे पाय मांडीवर घेतले.
होर्तोबाजच्या या सपाट गवतात,
जिथे उद्या येणारा माणूस आजच दिसतो,
माजावरचे घोडे, हट्टी खेचरं,
एकदा तर मुक्कामाला आलेल्या सर्कशीतला झेब्रा.
गुडघ्यामागे बोट टेकवलं की पाय आपसूक वर यायचा.
लोक म्हणायचे, वेंडेलच्या हातात काहीतरी आहे.

आणि तू, मोर्झा.
नाव पावाच्या चुऱ्याचं,
वजन साडेअकरा किलो, त्यातले निम्मे नुसते केस,
तू मला स्वयंपाकघरभर पळवतेस.
फरशीवर तुझी नखं टक टक टक,
मी टेबलाच्या या बाजूला, तू त्या.
नालबंदाच्या घरातलं कुत्रं नखं वाढवून हिंडतं
हे गावात कळायला वेळ लागला नाही.

चूक माझीच होती.
पांढऱ्या नखात आतलं जिवंत मांस दिसतं,
दिव्यासमोर धरलेल्या बोटासारखं.
तुझी सगळी काळी.
त्या ऑक्टोबरात चष्मा खिडकीत राहिला
आणि मी म्हटलं, एवढंसं नख, त्याला कसला चष्मा.
कट्.
तू ओरडली नाहीस. फक्त बघितलंस.
फरशीवर ठिपके, चुलीपाशी ठिपके,
मी चिमटीत मक्याचं पीठ घेऊन दाबत बसलो
आणि तू पंजा काढून घेतलास
तो आजतागायत.

डॉक्टर एतेल्का म्हणाल्या, कात्री नुसती जमिनीवर ठेवा,
शेजारी पाव, वर हंसाची चरबी.
तू पाव खाल्लास.
कात्रीवर पाय देऊन खाल्लास.
मग बार्नबाश आला, धरतो म्हणाला,
टॉवेलात गुंडाळलं तुला, वर त्याचे दोन हात, एक गुडघा.
टॉवेलातून नुसते डोळे.
तो गेला तेव्हा हातमोज्याचं एक बोट कमी होतं.
बरं झालं, असं मी मनात म्हटलं.

गुरुवारी नर्स येते. बोग्लार्का.
साखरेनं माझ्या पावलांतली जाण गेलीय,
वाकलो तर पोट आडवं येतं,
म्हणून माझी नखं आता तिच्याकडे.
तिनं टाच तळहातावर घेतली
आणि मी पाय ओढला.
मोजा चढवला. म्हटलं, पुढच्या वेळी.
सलग तीन गुरुवार.
तिनं विचारलं, काका, कधी दुखलं होतं का?
म्हटलं, छे.

सत्तरच्या हिवाळ्यात, पलटणीत,
बुटात चिघळलेलं नख डॉक्टरनं पकडीनं उपटलं.
चौघांनी मला धरलं होतं.
पकड आठवत नाही.
चौघांचे हात आठवतात.

हे मी तिला सांगितलं नाही.
तुला सांगितलं, रात्री, चुलीपाशी, खाली बसून,
(परत उठायचं कसं हा विचार नंतरचा)
मोजे काढून.
तू माझ्या अंगठ्याचा वास घेतलास, बराच वेळ,
त्या पिवळ्या, वेड्यावाकड्या नखाचा,
आणि शिंकलीस.

टॉवेल मी आधीच कपाटात टाकला होता. कात्रीही.
बोग्लार्का विसरून गेलेली एक कानस होती,
माझ्या जुन्या कानशीपुढे अगदी खेळणं.
ती आधी स्वतःच्या अंगठ्यावर फिरवली.
खर्र, खर्र. ओट चावणाऱ्या घोड्यासारखा आवाज.
तुझे कान त्या जटांखाली कुठेतरी हलले असणार.

मग तुझ्या पंजाखाली हात नेला. धरला नाही.
नुसता खाली ठेवला, बशीसारखा.
तू पंजा काढलास. ठेवलास. काढलास.
ठेवलास.
खर्र.
चष्मा होता या वेळी, नाकावरच होता.
काळ्याच्या मधोमध राखाडी ठिपका उमटला की थांबायचं,
त्याच्या आत तू आहेस.
थांबलो.
जमिनीवर चिमूटभर भुकटी,
नालेच्या खिळ्याचं मोडलेलं टोकसुद्धा हिच्याहून जड.
नखभर काम, आणि घामानं सदरा ओला.

एवढंच. एक.
तू उठून पाणी प्यायला गेलीस,
सतरा टक टक आणि एक गप्प.
मी टेबलाचा पाय धरून उठायच्या प्रयत्नात.

सतरा तुझी राहिली, माझी दहा.
परवा गुरुवार.
तू दारात बस, मला दिसशील अशी.